'१९४५' हा हंगेरियन सिनेमा बघायचाय? मग असा बघा

युद्ध संपलंय, गाव शांत आहे आणि गावाच्या पोटात काहीतरी दडलेलं आहे, अशा सिनेमांची एक वेगळीच जात आहे. यात '१९४५' हा २०१७ चा हंगेरियन सिनेमा मला सगळ्यात वर ठेवावासा वाटतो. फेरेन्स तोरोकने दिग्दर्शित केलेला, गाबोर टी. सांतोच्या कथेवरून, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम दीड तासाचा. पण बरेच जण तो थ्रिलर समजून बघतात, 'आता काय होणार, आता काय होणार' करत बसतात आणि शेवटी म्हणतात की अरे, काहीच झालं नाही. झालेलं असतं, फक्त आपण भलतीकडे बघत असतो. म्हणून हे लिहितेय, की हा सिनेमा कसा बघायचा, आधी काय माहीत असलेलं बरं, आणि बघताना डोळे नक्की कुठे ठेवायचे.

माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर: माणसांचे चेहरे नंतर बघा, आधी त्यांच्या घरातल्या वस्तू बघा. या गावाचं पाप कुणाच्या मनाबिनात दडलेलं नाहीये, ते कपाटात आहे, जमिनीवरच्या गालिच्यात आहे, दुकानाच्या काउंटरवर आहे, उघड्यावर आहे.

पुढच्या काही परिच्छेदांत शेवट फुटणार नाही. जिथे फुटणार आहे तिथे मी आधी सांगेन.

पहिलं काम, थोडा इतिहास वाचा. फार नाही, दहा मिनिटांचा. सिनेमा १२ ऑगस्ट १९४५ या एकाच दिवसात घडतो. युरोपातलं युद्ध मे महिन्यातच संपलेलं आहे, जपानचं अजून चालू आहे, नागासाकीवर बॉम्ब पडून तीन दिवस झालेत. हंगेरीत रेड आर्मी, म्हणजे सोव्हिएत फौज, बसलेली आहे. मार्चमध्ये जमीनवाटपाचा कायदा आलाय, म्हणजे कुणाची जमीन कुणाची हा प्रश्न सगळीकडे असाही लोंबकळतोच आहे. कम्युनिस्टांची पूर्ण सत्ता यायला अजून तीनेक वर्षं आहेत, पण वारं कुठून वाहतंय ते शहाण्या माणसाला कळायला लागलंय.

आणि त्याच्या आदल्या वर्षीचं माहीत नसेल तर सिनेमातलं अर्धं डोक्यावरून जाईल. १९ मार्च १९४४ ला जर्मन फौजा हंगेरीत घुसल्या. ५ एप्रिलपासून ज्यूंना कपड्यावर पिवळा तारा लावायची सक्ती झाली. त्याच महिन्यात हुकूम निघाला की ज्यूंनी आपली सगळी मालमत्ता लिहून द्यायची, मग दुकानं बंद करायला लावली, मग वस्त्यांत कोंडलं आणि १५ मे ते ९ जुलै या आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० माणसं रेल्वेच्या मालडब्यांत भरून पाठवली, बहुतेक सगळी ऑशविट्झच्या मृत्युछावणीला. आता हे आकडे वाचून आपण 'नाझींनी केलं' म्हणून मोकळे होतो. पण ही पाठवणी आखणाऱ्या आइकमन या नाझी अधिकाऱ्याच्या हाताखाली हंगेरीत आलेली माणसं होती किती, दोनशेच्या आतबाहेर. गावागावात जाऊन याद्या करणं, घरं रिकामी करणं, माणसांना स्टेशनपर्यंत हाकत नेणं, हे सगळं हंगेरीच्याच पोलिसांनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी केलं. घर रिकामं झालं की सील लागायचं, आतल्या सामानाची यादी व्हायची, आणि मग ते घर आपल्याला मिळावं, ते दुकान आपल्याला मिळावं म्हणून गावातलेच लोक अर्ज करायचे. रीतसर, सहीनिशी. सिनेमातल्या सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे, म्हणून हा भाग नीट लक्षात ठेवा. लुटालूट म्हटलं की आपल्याला दंगल आठवते, आरडाओरडा, फुटलेल्या काचा. इथे तसलं काही नव्हतं. इथे टेबल होतं, शाईची दौत होती, शिक्का होता.

एवढं झालं की पुरे. सिनेमाचे परीक्षण वगैरे आधी वाचू नका, ट्रेलरही टाळलात तर उत्तम.

बघायची तयारी म्हणाल तर साधी आहे. मूळ हंगेरियन आवाजात सबटायटल्स लावून बघा, डब केलेला मिळाला तरी नको. अंधार करा, कारण छायाचित्रण एलेमेर रागायचं आहे आणि त्यातला पांढरा रंग, भर दुपारच्या उन्हाचा पांढरा, तो उजेडाच्या खोलीत धुऊन निघतो. हेडफोन असतील तर लावा. संगीत फार कमी आहे, संवादही बेतास बात, त्यामुळे घोडागाडीच्या चाकांचा आवाज, पावलं, दारं, हे सगळं कानावर पडायला हवं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. दीड तासच आहे, मध्ये थांबवू नका, कारण सिनेमातला वेळही जवळपास तसाच सरळ चालतो, सकाळी अकराच्या सुमाराची गाडी येते आणि पुढचे काही तास. मध्ये चहाला उठलात की तो ताण तुटला.

माणसं ओळखून ठेवा, नावं परकी आहेत म्हणून पहिल्या वीस मिनिटांत गोंधळ होतो. इश्तवान हा गावचा कारभारी, जाडजूड, सिगार, मोठा आवाज, पेतेर रुदोल्फने कमाल केलंय काम. त्याची बायको अन्ना, नशेच्या आहारी गेलेली. मुलगा आर्पाद, आज त्याचं लग्न आहे, गावातलं औषधं-अत्तर-साबणाचं दुकान तो चालवतो. नवरी किशरोझी. तिचा आधीचा प्रियकर यान्ची, कम्युनिस्टांकडे झुकलेला. कुश्तार नावाचा एक दारुडा आणि त्याची कडक बायको. गावचा फादर. स्टेशनमास्तर. आणि गाडीतून उतरलेले दोघे, काळ्या कपड्यातले, एक वयस्कर दाढीवाला, एक तरुण, बापलेक. त्यांच्याबरोबर पेट्या. कागदावर लिहिलंय की पेट्यांत अत्तरं वगैरे आहेत.

बस, एवढ्यावर सिनेमा सुरू होतो. दोघे पेट्या घोडागाडीत चढवतात आणि स्वतः गाडीत न बसता मागून चालत निघतात. स्टेशनमास्तर सायकल काढून त्यांच्या आधी गावात पोचतो, का तर 'ते आलेत' हे सांगायला. ते कोण? कुणालाच नीट माहीत नाही. दोन ज्यू माणसं आलीत आणि पेट्यांत अत्तर आहे, एवढ्यावरून अख्खं गाव ताडतं की हे दुकान परत मागायला आलेत. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं.

आता मुख्य भाग, बघताना काय करायचं.

प्रत्येक घरात कॅमेरा शिरला की स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे सामान यांचं आहे का? खरंच, प्रत्येक वेळी. दुकान बघा, भिंतीवरची कपाटं, बाटल्या, सगळं नीटनेटकं लावलेलं. आर्पादसारख्या पोराने हे उभं केलं असेल? एवढ्याशा वयात? हे आधी पोलाक नावाच्या माणसाचं होतं आणि पोलाक इश्तवानचा जवळचा मित्र होता, हे हळूहळू कळत जातं, कुणी समोर बसून गोष्ट सांगत नाही. कुश्तारचं घर बघा. दारूत बुडालेल्या माणसाचं घर आणि आतल्या वस्तू यांचा मेळ लागतोय का? नाही लागत. आणि ती बातमी येताच त्याची बायको काय करते तर वस्तू लपवायला लागते. हा प्रसंग मला पूर्ण सिनेमात सगळ्यात भयंकर वाटतो, कुठे रक्त नाही, बंदूक नाही, एक बाई भराभर घर आवरतेय. पाहुणे येणार म्हणून आपण आवरतो ना, तसंच, फक्त इथे घरातल्या चांगल्या वस्तू बाहेर काढायच्या नसून आत दडवायच्या आहेत.

आणि ती बाई वाईट आहे असं म्हणून सुटू नका. तिचा हिशोब ऐका. तिला वाटतं की घर आता तिचं आहे, कारण ती त्यात राहतेय, कारण सगळ्यांनीच घेतलं, कारण आधी आपण किती हलाखीत दिवस काढले. हे सगळं खरंही आहे! गरीब माणसाला आयुष्यात पहिल्यांदा चांगलं घर मिळालं आणि ते दुसऱ्याच्या मरणावर मिळालं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे सगळेच काही राक्षस नव्हते, बरेचसे नुसते नडलेले होते, आणि सिनेमा हे लपवत नाही म्हणून तो मला इतका आवडतो.

दुसरी गोष्ट, कागद. कोण कुठे सही करतं, कोणाकडे कुठला कागद आहे, कोण 'साक्ष' हा शब्द उच्चारतं, तिकडे कान ठेवा. कुश्तारने एकेकाळी पोलाकविरुद्ध खोटी सही दिलेली आहे. त्याला दारू त्यामुळे लागली की आधीपासून होती हे सिनेमा सांगत नाही, आपण ठरवायचं. पण गावात एकटा तोच आहे जो म्हणतो की परत देऊन टाकू. आणि लोक त्याला कसं गप्प करतात ते बघा. मारझोड नाही, समजावणं. 'अरे सोड, जा घरी, झोप.' तो फादरकडे कबुलीजबाब द्यायला जातो, तिथेही तेच, पापाची कबुली ऐकायला बसलेला माणूसच ऐकायला तयार नाही, कारण ऐकलं तर त्यालाही त्यात यावं लागेल. तेरी भी चूप मेरी भी चूप.

इथे एक सांगते, पहिल्यांदा बघताना लोकांना इश्तवान खलनायक वाटतो आणि बाकीचे बघे. दुसऱ्यांदा बघा, उलटं दिसेल. इश्तवान गावाला काय देतोय? तो सगळ्यांचं ओझं स्वतःच्या नावावर घेतोय, त्यांना सांगतोय की मी बघतो, तुम्ही काळजी करू नका. गावाला असा माणूस हवाच असतो, कारण उद्या काही झालं तर बोट दाखवायला तो आहे. म्हणून तो रस्त्याने जाताना कोण त्याला वाकून नमस्कार करतं, कोण नजर चुकवतं, कोण काही मागतं, हे टिपत जा. त्याची सत्ता दंडुक्याची नाहीये, त्याने प्रत्येकाला काही ना काही दिलंय आणि जे दिलंय ते त्याचं नव्हतं.

अधूनमधून जीपमधून सोव्हिएत सैनिक येतात. त्यांच्यावर फार वेळ घालवू नका, ते आहेत एवढं लक्षात असू द्या. यान्चीचं मात्र जरा बघा, कारण त्याला वाटतंय की नवा काळ येतोय आणि आपण स्वच्छ आहोत. तो किती स्वच्छ आहे यावर बघून झाल्यावर भांडायला हरकत नाही.

आणि त्या दोघांकडे परत परत या. ते जवळजवळ बोलतच नाहीत. गाव त्यांच्याबद्दल बोलतं, धावतं, लपवतं, रडतं आणि ते फक्त चालतायत. इथे अंदाज बांधायचा मोह होईल, तो आवरा, कारण अंदाज बांधायला लागलात की तुम्ही त्या गावकऱ्यांपैकीच एक झालात, तेही तेच करतायत. त्यांच्या हातांकडे बघा, पेटीवर हात कसा ठेवलाय ते बघा. अत्तराच्या पेटीवर कुणी असा हात ठेवत नाही.

आता इथून पुढे शेवट सांगतेय. सिनेमा बघितला नसेल तर इथे थांबा, बघून या, मग वाचा.

ते कुणाचं काही परत मागायला आलेले नसतात. पोलाकचे वारसही नसतात. त्यांचं आडनाव हर्मन. ते गावातून सरळ ज्यूंच्या कब्रस्तानात जातात, मागून गाव हातात दाताळी घेऊन येतं, आणि पेट्या उघडतात तर त्यात लहान मुलांचे बूट, खेळणी, प्रार्थनेची पुस्तकं. जे उरलं ते. माणसं पुरता आली नाहीत म्हणून वस्तू पुरायला आलेत.

हा प्रसंग पहिल्यांदा बघताना डोळ्यात पाणी येतं आणि बरंचसं निसटतं, म्हणून हा तेवढा भाग परत लावून बघा. दोन गोष्टी माहीत असू द्या. एक म्हणजे ज्यू परंपरेत जुनी झालेली, फाटलेली धर्मपुस्तकं फेकत किंवा जाळत नाहीत, त्यांना माणसासारखं दफन करतात, त्यामुळे पुस्तकं पुरणं ही दिग्दर्शकाची कविकल्पना नव्हे, रीतच आहे. आणि दुसरं म्हणजे मेलेल्यांसाठीची कद्दिश ही प्रार्थना परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय म्हणत नाहीत. आता कब्रस्तानात किती माणसं आहेत मोजा. गावातले पुरुष बक्कळ आहेत, पण त्या दहांत धरता येतील असे दोनच. बाकीचे आठ कुठे गेले हे दाताळीवाल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि मग माझा वस्तूंचा मुद्दा परत लावून बघा. अख्खा सिनेमाभर गाव वस्तू धरून ठेवतंय, लपवतंय, पळवतंय आणि हे दोघे आपल्याकडच्या शेवटच्या वस्तू मातीत घालून रिकाम्या हाताने परत जातात. गावाकडे सगळं राहतं. गालिचे राहतात, घरं राहतात. पण तोवर कुश्तारने गळफास घेतलाय, आर्पाद लग्न मोडून निघून गेलाय, दुकान पेटलंय आणि पेटवलंय कुणी तर किशरोझीने, जिला ते लग्नातून मिळणार होतं. कुणी मागायलाच आलेलं नव्हतं, तरी.

बघून झाल्यावर चर्चा करायची असेल, चार मित्रमैत्रिणींनी मिळून बघितला असेल, तर 'आपण असतो तर काय केलं असतं' हा प्रश्न कृपा करून घेऊ नका. त्याला सगळे एकच उत्तर देतात, आपण असं केलं नसतं, आणि चर्चा तिथेच मरते. त्यापेक्षा बारके प्रश्न घ्या. घोडागाडीवाल्याला काय माहीत होतं? स्टेशनमास्तरला एवढी घाई का, १९४४ मध्ये त्याच फलाटावर तो काय करत होता? अन्नाला नशा का लागते? किशरोझीने दुकान पेटवलं ते पश्चात्तापाने की रागाने? मला विचाराल तर रागाने, पश्चात्ताप असता तर तिने ते कुणाला तरी परत द्यायचा विचार केला असता, पण यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ भेटलेत आणि त्यांचंही पटण्यासारखं आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाका, की गावकऱ्यांची भीती हा नुसता सिनेमाचा मसाला आहे. परत आलेल्यांचं प्रत्यक्षात काय झालं ते बघा. ऑशविट्झमधून वाचलेले काही, आणि हंगेरीच्या सैन्याने सक्तीच्या मजुरीवर नेलेल्या पुरुषांपैकी वाचलेले काही, असे थोडे लोक १९४५ मध्ये आपापल्या गावी परतले, आणि त्यांना आपलंच कपाट, आपलंच शिवणयंत्र शेजाऱ्याच्या घरात दिसलं. मे १९४६ मध्ये कुनमदाराश या हंगेरियन गावात परतलेल्या ज्यूंवर जमाव चालून गेला आणि माणसं मारली गेली. म्हणजे युद्ध संपून वर्ष झाल्यावर, जर्मन सैनिक औषधाला शिल्लक नसताना. त्यामुळे कब्रस्तानाबाहेरची ती दाताळी बघून 'हे जरा अति झालं' असं वाटलं असेल तर ते अति नाहीये.

यानंतर याच वळणाचं काही बघायचं असेल तर 'पोक्वोशे' हा व्वादिस्वाव पासिकोव्स्कीचा २०१२ चा पोलिश सिनेमा घ्या. त्यात दोन भाऊ आहेत, एक अमेरिकेतून परत येतो, दुसरा गावात राहून एक विचित्र काम करतोय, रस्त्यात फरशी म्हणून घातलेले ज्यूंचे कबरीचे दगड उकरून आपल्या शेतात आणून उभे करतोय. गाव खवळतं. तो '१९४५' पेक्षा आक्रस्ताळा आहे, आवाज चढवून बोलतो, काही ठिकाणी मला तो जास्तच ताणलेला वाटतो, पण वस्तू बघायची तीच सवय तिथेही लावा, दगड, विहीर, जमिनीचे जुने उतारे. त्याची पार्श्वभूमी येदवाब्नेची. १० जुलै १९४१ ला जर्मनांच्या ताब्यातल्या त्या पोलिश गावात ज्यू शेजाऱ्यांना कोठारात कोंडून जाळलं, आणि तिथल्या स्मारकाच्या दगडावर कितीतरी दशकं लिहिलेलं होतं की हे गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, केलं. २००१ मध्ये तो दगड हलवला, त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्कींनी तिथे जाऊन माफी मागितली. पुढे पोलंडच्या सरकारी संस्थेने चौकशी करून २००२ मध्ये सांगितलं की मेलेले किमान ३४० आणि हात प्रामुख्याने गावातल्याच लोकांचे. सिनेमा आला तेव्हा त्यातल्या नटाला, माचेय श्तूरला, देशद्रोही म्हणून शिव्या खाव्या लागल्या. २०१२ मध्ये.

दोन्ही एका बैठकीत बघू नका. आधी '१९४५', मग निदान आठवडाभर जाऊ द्या, मग 'पोक्वोशे'. उलट क्रमाने बघितले तर पोलिश सिनेमाचा आवाज डोक्यात राहतो आणि हंगेरियन सिनेमातली शांतता मग कंटाळवाणी वाटते, दोघांवरही अन्याय. आणि '१९४५' दुसऱ्यांदा बघायला जमलं तर सबटायटल्स बंद करून बघा, गोष्ट माहीतच असते, डोळे वाचण्यातून मोकळे होतात आणि गालिचे दिसायला लागतात.